लंगोट धुवून आणू नये

आमच्या काचेच्या वॉर्डाच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक छापील, ‘शांतता राखा’. ती कुणीही वाचत नसे. दुसरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल पेनानं लिहिलेली, ‘लंगोट धुवून आणू नये. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं आणि लातूरच्या त्या दवाखान्यात तशी गरजही नव्हती. मालक डॉक्टरसुद्धा त्या पाटीसमोरून जरा घाईनंच जात.

हुकूम बाईंचा. बाई म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर. दिवस भरायच्या आधी जन्मलेली तळहाताएवढी बाळं ज्या काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या सगळ्या पेट्यांवर त्यांचं राज्य. उदगीरकडच्या, बुटक्या, अंगानं आडव्या, आणि आवाज असा की पलीकडच्या डाळमिलनं भोंगा उगीच लावलाय असं वाटावं. मी नांदेडहून लहान मुलांचा डॉक्टर होऊन पहिल्याच नोकरीवर हजर झालो, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “किती दिवस राहणार, पाहुणे?”

मी तेव्हा नाकावर माशी बसू देत नव्हतो. म्हटलं, “बाई, मी डॉक्टर आहे.”

“हाव. इथं पाहुणे डॉक्टरच असतेत. सहा महिने राहतेत, सर्टिफिकेट घेतेत, जातेत. चहा घेता का?”

मी चांगली चार वर्षं राहिलो. शेवटच्या दिवशीसुद्धा मी पाहुणाच होतो.

बाईंचं विजेच्या दिव्यांशी वैर होतं. आमच्या वॉर्डात काविळीच्या बाळांवर निळे दिवे लावलेले असत, वर ट्यूबलाइटा. बाई म्हणत, “निळ्यात पिवळं दिसत न्हाई आन् ट्यूबमधी सगळंच पिवळं दिसतंय. ऊन तेवढं इमानदार हाय.” म्हणून प्रत्येक बाळाचं लंगोट त्या स्वतः उचलून पूर्वेच्या खिडकीपाशी नेत, पडदा सारत, आणि सराफानं सोनं बघावं तसं ते उन्हात धरून बघत. एसी बसवणारा मिस्त्री ती खिडकी कायमची बंद करायला आला, तर बाईंनी खिडकीखाली स्टूल टाकलं, डबा उघडला आणि ज्वारीची भाकरी सावकाश खायला घेतली. मिस्त्री ताटकळला. शेवटी “बाई, किती वेळ?” असं त्यानं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “मी रिटायर होईपर्यंत.” खिडकी राहिली.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. हजारो बाळांत एखाद्याचंच असं होतं, पण होतं. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी बंद पडते. पित्त खाली उतरत नाही, मागच्या मागे तुंबतं आणि यकृत आतून खराब होत जातं. जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर बाळाला बरी आशा असते. पुढे जसजसे दिवस जातात तसतशी ती आशा आटत जाते. बाहेरून खूण एकच. शीला रंग येतो तो पित्तामुळे, पित्तच नाही म्हटल्यावर शी पांढुरकी होते. बाकी बाळ दूध पितं, हसतं, वजन धरतं. आणि कमी दिवसाच्या बाळात तर फसगत ठरलेलीच, कारण या बाळांना कावीळ होतेच आणि ती रेंगाळतेच. बघणारा म्हणतो, कमी दिवसाचं आहे, जाईल हळूहळू.

आमच्याकडे शीच्या रंगांचं एक छापील कार्ड होतं. बाईंनी ते फाइलीत घालून टाकलं. “छापलेला रंग छापणाराच्या मर्जीवर असतोय,” म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी वॉर्डाच्या दाराशी पारदर्शक पिशव्या टांगल्या. एकीत तुरीची डाळ, एकीत हरभऱ्याची, एकीत हिरवे मूग, आणि जरा लांब, वेगळ्या खिळ्याला, धुतलेली उडदाची डाळ. लातुरातल्या बाईला डाळीचा रंग शिकवावा लागत नाही. बाई प्रत्येक आईला दारापाशी उभी करायच्या. “पोरी, शी ह्या तिन्हीतली कोणचीबी असू दे, खुशाल झोप. पर उडदावानी झाली तर? रातच्याला असू, दिवसा असू, इकडं पळत यायचं. काय करायचं?” “पळत यायचं.” “मोठ्यानं म्हन.”

म्हाताऱ्या बायका बिथरायच्या. एका आजीनं तर पदर तोंडाला लावला. “अगं माय, अन्नाला असं बोलतेत का कुठं?” बाई म्हणाल्या, “आजी, अन्नच हाय ते. कालचं.” मला स्वतःला कित्येक दिवस वरण घशाखाली उतरलं नाही. बाई मात्र समोर बसून भातावर वरण ओतून घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, “पाहुणे, तुमी शिकला लई, पर सवय न्हाई झाली.”

त्यांचं रागावणंही सरळ नसे. चुकलेल्या नर्सला त्या ओरडत नसत, तिचं नाव घेऊन पेटीतल्या बाळाशी बोलत. “बघ लेकरा, तुझ्या मावशीनं हात न धुता हात घातला. तूच सांग आता तिला कायतरी.” त्या नर्सला धरणी ठाय द्यायची नाही. मालक डॉक्टरांच्या बाबतीतही हाच प्रयोग झालेला मी बघितलाय. ते बिचारे गुपचूप नळापाशी गेले.

रिटायर व्हायला दोनेक वर्षं उरली असतील तेव्हाची गोष्ट. एक दिवस बाई दारापाशी नुसत्या उभ्या राहिलेल्या दिसल्या. तुरीची पिशवी एका हातात, उडदाची दुसऱ्या. मला म्हणाल्या, “पाहुणे, हे दोन्ही मला सारखंच पिवळं दिसून राहिलंय.” मोतीबिंदू होता. मोतीबिंदूनं नजरेवर पिवळट झाक येते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण बाईंचा चेहरा इतका उतरला की मी नुसत्या पिशव्या घेऊन खिळ्यांना परत टांगल्या. एवढी खमकी बाई, पण त्या दिवशी भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, “कधीपास्नं दिसत असंल हो असं? किती लेकरं गेली असतील घरी, मी बरं हाय म्हनून सांगून?” दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजा टाकली. डोळ्याच्या ऑपरेशनासाठी बाईंनी घेतलेली ती पहिलीच लांब रजा.

आणि त्याच रजेत माझ्या हातून ते घडलं.

लोह्याजवळच्या एका खेड्यातलं जोडपं होतं. बाप तिथल्याच शाळेवर शिपाई, आई विशीतली, सोबत तिची सासू. बाळ जवळजवळ दोन महिने आधी आलेलं, मुलगा. साडेतीन आठवडे आमच्या पेटीत राहिला. दूध पचवायला लागला, वजन धरलं, तसं आम्ही घरी सोडायचं ठरवलं. बाई रजेवर, तेव्हा डाळींच्या पिशव्यांपाशी त्यांना उभं करायला कुणी नव्हतं. डोळे थोडे पिवळे होते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये काविळीचे दोन आकडे असतात. वरचा एकूण काविळीचा, आणि खालचा, यकृतानं आपलं काम करूनही खाली न उतरलेल्या काविळीचा. मी वरचा वाचला. तो काही फार नव्हता. खाली बघितलंच नाही. कागदावर लिहून दिलं, ‘कमी दिवसांमुळे कावीळ, आपोआप कमी होईल’, आणि ठसठशीत सही ठोकली. सही मात्र माझी फार छान आहे.

तीन आठवड्यांनी ते तपासणीला आले. मंगळवार होता. बाईंना कामावर येऊन दोनच दिवस झाले होते, डोळ्यावर काळा चष्मा. बाळाला आजीनं न्हाऊमाखू घातलेलं, काजळ भरलेलं, नवं झबलं, पांढरंशुभ्र लंगोट. देवाला जावं तसं आपल्याकडे डॉक्टरकडे जातात. घाणेरडं लेकरू घेऊन कोण जाईल? दारावरच्या पाटीचा म्हणूनच काडीचा उपयोग नव्हता. मी वजन केलं, झक्कास वाढलेलं. “छान आहे,” म्हणालो आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर बाकावर आजी शेजारच्या बायकांना सांगत होत्या. “माझ्या नातवाचं लंगोट पान्यातून एकदा काढलं की पांढरं फेक. डाग म्हनून न्हाई पडत. दुसऱ्या लेकरांची कशी पिवळी पिवळी ऱ्हातेत, घास घास घासा. ह्याचं दूध चांगलं पचून ऱ्हायलंय.” त्यांच्या तोंडावर काय कौतुक होतं!

बाई ट्रे घेऊन तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या. ट्रे खाली ठेवला आणि चक्क फरशीवर मांडी घालून आजींच्या पायाशी बसल्या.

“आजी, घरी जायची घाई हाय का?”

“तीनची यष्टी हाय, बाई.”

“यष्टी जाऊ द्या. लेकरू शी करेपर्यंत कुनी उठायचं न्हाई.”

अडीच तास. सगळा व्हरांडा त्या बाळाच्या शीची वाट बघत होता. आईनं दोनदा पाजलं. कुणी म्हणालं पोटावर हात फिरवा, कुणी म्हणालं पाय वर करा. बाप आपला उठून घड्याळ बघायचा आणि बसायचा. तीनची गाडी गेली. मी आतून दोनदा डोकावलो आणि “बाई, वजन वाढलंय त्याचं” असं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी बाळ लालबुंद झालं, कुंथलं, आणि आजी हसून लंगोट सोडायला लागल्या. बाईंनी ते त्यांच्या हातून हळूच काढून घेतलं आणि खिडकीशी नेलं. मग मला बोलावलं आणि माझ्या हातात दिलं.

उडीद. धुतलेला उडीद.

बाई तोवर फाइल घेऊन आल्या होत्या. माझ्या सहीच्या वर, त्या खालच्या आकड्यावर, त्यांनी बोट ठेवलं.

पुन्हा रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. पित्ताची पिशवी दिसलीच नाही म्हटलं तरी चालेल. बाळ सत्तेचाळीस दिवसांचं होतं. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात मी फोन लावला, ते म्हणाले, उद्याच्या उद्या पाठवा, आमच्या तपासण्यांनाही दिवस लागतात. मी बापाला समजावून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो म्हणाला, “सर, सोमवारी निघतो. रविवारी बारसं हाय. लेकरू पेटीत होतं म्हनून राहिलं हुतं. सगळे पाव्हणे सांगून झाले, माझी बहीण पुण्याहून येऊन ऱ्हायली. नाव न ठेवता पोटावर सुरी लावायची म्हनल्यावर घरचे न्हाई ऐकणार.” आजी म्हणाल्या, “आन् शुक्रवारी काविळीची माळ घालायची हाय गावात.”

मी तापलो. सहा दिवस! मी अंधश्रद्धा, अडाणीपणा असं काहीबाही बोलायला लागलो. काय तोंडानं बोलत होतो देव जाणे, तीन आठवडे तर मीच घालवले होते. बाईंनी मला हातानं मागं सारलं.

“माळ घाला की. हैदराबादच्या गाडीत घाला. आन् बारशाला काय लागतंय? पाळणा आन् आत्या. आत्या मी हाय.”

पाहता पाहता आमच्या व्हरांड्यात बारसं उभं राहिलं. चार नर्सनी चादरीची चार टोकं धरली, झाली झोळी. कॅंटीनमधून हरभऱ्याची उसळ आली, त्याच घुगऱ्या. बाकावरच्या बायका, एकमेकींच्या ओळखीच्या ना पाळखीच्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायला लागल्या. नाव आजींनी बाईंच्या कानात सांगितलं. बाई काळा चष्मा सावरत वाकल्या, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. कित्येक वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी आमच्या नर्सांनी सोडली नाही. बाई ओरडल्या, “डोळ्याचं ऑपरेशन झालंय गं माझ्या, बेतानं!” बाळाची आई दिवसभरात पहिल्यांदा हसली आणि हसता हसता रडायला लागली. बुधवारी सकाळी गाडी हैदराबादला निघाली.

गाडी गेल्यावर बाईंनी मला चहा दिला. “पाहुणे, त्यो आकडा त्यांना कधी सांगणार?”

मी म्हटलं, “आत्ता सांगितलं तर त्यांचा सगळ्याच डॉक्टरांवरचा विश्वास उडेल. परत फिरतील.” हे खरंही होतं. आणि मला सोयीचंही होतं.

“हाव. आत्ता नगं. परत आल्यावर.”

मग मी विचारलं, कशानं विचारलं कोण जाणे, “बाई, तुमच्या हातून कधी असं झालं?”

“दोनदा,” म्हणाल्या. आणि दोन्ही बाळांची नावं सांगितली.

ऑपरेशन एकावन्नाव्या दिवशी झालं. तिथल्या सर्जननी आतड्याचा तुकडा यकृताला नेऊन जोडला. लागू पडलं तर पित्त वाहतं, नाही तर नाही, आधी कुणीच सांगू शकत नाही. आठवडाभर आम्ही फोनकडे डोळे लावून होतो. मग बापाचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. “तूर, बाई! तूर झाली!” तो शिपाईगडी लहान मुलासारखा ओरडत होता. पुढं यकृत किती वर्षं साथ देईल, कधी बदलावं लागेल का, हे प्रश्न होतेच, आजही आहेत. पण त्या दिवशी बाईंनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले आणि मला दोन दिले. मला ते गोड लागले नाहीत.

ऑपरेशननंतर दीडेक महिन्यानं ते लातूरला दाखवायला आले. बाळाचे डोळे निवळत आले होते, गाल धरले होते. मी खूश होऊन तपासलं, औषधं लिहिली. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, कोपऱ्यात बघत होत्या. कोपऱ्यात आजी उभ्या होत्या. आईला कागद काढायचे होते, तिनं बाळ सासूकडे करायला हात पुढं केले, तर आजी मागं सरकल्या. बापानं घेतलं.

बाईंनी मला बाहेर बोलावलं. “बघितलं का? त्या आजी लेकराला हात लावत न्हाईत. मी सूनेला विचारलं. त्या दिवसापास्नं न्हाई लावला. म्हनतेत, मीच धुतलं, मीच लपवलं, माझ्या हाताला कायतरी हाय.”

“पण बाई, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना, कुणाचा दोष नाही म्हणून?”

“सांगितलं. पटत न्हाई तसं. उशीर झाला ह्ये त्यांना दिसतंय, मंग दोषाला कुनीतरी धनी पायजे. तुमी गप बसला तर त्याच होणार.” मग म्हणाल्या, “जावा. मी येते संगं.”

मी आत गेलो. आजींना खुर्चीवर बसवलं, मी समोर स्टुलावर बसलो. फाइल उघडली. आजींना वाचता येत नव्हतं, तरी मी तो आकडा दाखवला. “आजी, हा आजार कुणामुळं होत नाही. पण तो तुम्ही इथून घरी न्यायच्या आधीच या कागदावर दिसत होता. मी वाचला नाही. तुमच्यामुळं एकही दिवस गेला नाही. तीन आठवडे गेले ते माझ्यामुळं.”

बाप ताडकन उठला. बाई दारात आडव्या उभ्या होत्या, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला नाही, पण पुढंही आला नाही. सून रडत होती.

आजींनी बाईंना विचारलं, “खरं का हो?”

“हाव. खरं हाय.”

मला वाटलं त्या मला शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

“मंग हे आधी कामून सांगितलं न्हाई रे बाबा?” त्या म्हणाल्या. “दीड महिना झाला, मी माझ्या नातवाला मांडीवर घेतलं न्हाई.”

त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. पदरानं दोन्ही हात कोरडे पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसले, आणि ते लेकाकडे पसरले.

“आण त्याला इकडं.”